गुरुजी पीत नाहीत, गाडी पिते

गुरुजींच्या कपड्यांना दारूचा वास यायचा आणि गुरुजी दारू पीत नसत. मी मोहगावात राहायला गेले तेव्हा या दोन गोष्टी मला एकाच वेळी कळल्या नाहीत. पहिली माझ्या नाकानं सांगितली. दुसरी लोकांनी सांगितली, पण सांगणाऱ्यांचा तरी तिच्यावर विश्वास होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

मी पांढुर्ण्याची. नर्सची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक सौंसर तहसिलीत, मोहगावला मिळाली. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. खोली बघायला बाबा सोबत आले होते. आमच्या घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जायचं आणि पाचवं शील, दारू न पिण्याचं, बाबा जरा जास्तच जोरात म्हणत. घरमालक रिटायर झालेले मास्तर आहेत, शाळेत विज्ञान शिकवायचे, संत्र्याची बाग आहे, एवढं ऐकून बाबा खूश होते. मग मागच्या अंगणातून गुरुजी आले. खाकी पँट, वर बंडी, हातात काचेची बाटली. बाटलीत पिवळसर काहीतरी होतं आणि त्यांच्या आधी त्यांचा वास खोलीत शिरला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

गुरुजींनी बाटली उजेडात धरली आणि बाबांना विचारलं, "याच्यात तुमाले किती थर दिसून राहिले?"

"थर?" बाबा म्हणाले.

"बरं, विचार करा. मंग सांगा," असं म्हणून ते आले तसे निघून गेले.

काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आमच्यापुढे पाणी ठेवलं. "ते पेत नाहीत हो भाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी पेते."

बाबांना वाटलं, बिचारी नवऱ्यावर पांघरूण घालून राहिली. खोली मात्र घेतली, कारण मोहगावात दुसरी मिळत नव्हती.

गाडी म्हणजे एक जुनी पेट्रोलची जीप. पुढे दोन माणसांची जागा आणि मागे माल भरायला लोखंडी हौदा. लोक तिला पिकअप म्हणत, काकू तिला सवत म्हणत. गुरुजी तिच्यातून संत्री पांढुर्ण्याच्या बाजारात नेत, शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणारी माणसं नेत, कोणाची वरात, कोणाचं ढेपेचं पोतं, काहीही नेत. माझ्या खोलीची खिडकी नेमकी तिच्या छपराकडे उघडायची. सकाळी मला जाग यायची ती हँडल मारण्याच्या आवाजानं आणि गुरुजींच्या बोलण्यानं. "आज काय झालं तुले? काल त चांगली होती." थंडीत ती लवकर चालू व्हायची नाही. मग गुरुजी उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं तिच्या कार्बोरेटरवर ठेवत. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात, तसं.

ते पेट्रोलमध्ये मोहाच्या दारूचं स्पिरिट मिसळत. थोडं मिसळलं तर गाडीला कळतही नाही, असं त्यांचं म्हणणं. गावाबाहेरच्या वस्तीतून दारू आणायची, ती घरच्या भांड्यातून पुन्हा गाळायची, मग कळीच्या चुन्यावर ठेवून तिच्यातलं पाणी मारायचं, आणि मग पेट्रोलमध्ये घालायची. पाणी राहिलं तर पेट्रोल वर आणि दारूपाणी खाली, असे दोन थर होतात. ती पहिल्या दिवशीची बाटली या तपासणीची होती. हे मला कळलं तेव्हा मी त्यांना मोठ्या हुरुपानं सांगायला गेले, "गुरुजी, त्या दिवशी दोन थर होते."

"नाही," ते म्हणाले. "तीन होते. तिसरा काहून आला, ते मले समजलं नाही." आणि त्यांचा चेहरा एकदम आनंदी झाला.

"मले समजलं नाही" हे वाक्य ते असं म्हणत, जसं दुसरा कोणी "लॉटरी लागली" म्हणेल. प्रश्न विचारायचा आणि उत्तर न ऐकता चालू पडायचं, ही त्यांची आणखी एक सवय. मी लसीकरणाला निघालेली असायची, डबा हातात. ते फाटकापाशी अडवायचे. "सांगा बाई, रबर फुगते काहून?" मी तोंड उघडायच्या आत ते बागेत पोचलेले असत. आठवड्यानं मी जेवत असताना दारात उभे राहत. "मंग?" मला मागचा प्रश्न आठवायचा नाही. त्यांना मात्र माझं न दिलेलं उत्तरही आठवायचं.

हे सगळं ते करत कशासाठी, यावर गावात एकमत नव्हतं. त्यांनी मला तीन वेगवेगळी कारणं सांगितली. एकदा म्हणाले, जमिनीतलं पेट्रोल सरून जाईन, झाडावरचं मोहफूल दरवर्षी येईन. एकदा म्हणाले, शाळेत पोरांना जन्मभर पुस्तकातलं शिकवलं, एकडाव खरं करून पाहतो. तिसरं कारण त्यांनी ओट्यावर बसून, संत्रं सोलता सोलता सांगितलं, आणि तेच खरं असावं असं मला वाटतं.

"बाई, वस्तीत जेवढी दारू निघते, तेवढी सारी गाडीनं पेऊन टाकली, त मानसाले काय उरन?"

मी विचार केला. "काही नाही उरणार."

"हेच म्हनतो मी."

सुरुवातीला वस्तीतल्या बायकांनाही हे पटलं होतं. नवऱ्याची दारू मास्तरच्या गाडीत गेली म्हणून एकजण काकूंना नारळ देऊन गेली होती. पण गाडीला लागते म्हणून लोक जास्त गाळायला लागले. जास्त गाळली की चाखायला जास्त उरायची. त्याच बाईनं पुढच्या उन्हाळ्यात फाटकात उभं राहून गुरुजींना शिव्या दिल्या. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. ती गेल्यावर काकू म्हणाल्या, "पहिले एक भट्टी होती. आता एक मानसाची आन् एक तुमच्या गाडीची."

"हे मले समजलं नाही," गुरुजी म्हणाले. त्या दिवशी त्यांचा चेहरा आनंदी नव्हता.

एकदा ते स्वतःच्या पायानं सौंसरला आबकारीच्या ऑफिसात जाऊन आले. दारू माणसानं प्यायली तर दारू, पण गाडीनं प्यायली तर ती दारू धरायची का, असं विचारायला. तिथल्या साहेबाला कळेना, हा माणूस कायदा विचारतोय की गुन्हा कबूल करतोय. त्यानं चहा मागवला आणि परत पाठवलं. गुरुजींनी चहा घेतला नाही. ते चहासुद्धा पीत नसत.

दुसऱ्या वेळी मात्र नाक्यावर हवालदारानं गाडी थांबवली. मी बाजूला बसले होते, लसीची पेटी मांडीवर. हवालदारानं खिडकीत डोकं घातलं आणि लगेच मागे घेतलं.

"पेऊन चालवून राहिले, मास्तर?"

"मी नाही. ही," गुरुजींनी स्टिअरिंगवर हात ठेवला.

"फुंका."

गुरुजींनी फुंकलं. हवालदार गोंधळला. त्यानं पुन्हा फुंकायला लावलं, मग बोनेट उघडायला लावलं, गाडीपाशी वाकून वास घेतला, गुरुजींपाशी वाकून वास घेतला. शेवटी माझ्याकडे वळला. "बाई, तुमी दवाखान्यातल्या. तुमीच सांगा, कोन पेऊन आहे?"

मी म्हणाले, "गाडी." पंचशील म्हणणाऱ्या घरातली मुलगी, भररस्त्यात एका गाडीच्या नावानं साक्ष देत होती. हवालदारानं कपाळाला हात लावला आणि जाऊ दिलं.

आता त्या दिवसाचं सांगते.

वस्तीत सुखदेव नावाचा माणूस होता. गुरुजींसाठी दारू तोच गाळायचा. गाळलेल्यातली तो पितो, आणि कमी पडलेलं माप पाण्यानं भरतो, असं सगळं गाव म्हणायचं. गुरुजी ऐकून घेत आणि दारू पुन्हा त्याच्याकडूनच आणत. दुसऱ्याकडून घ्या, असं काकू म्हणाल्या की ते म्हणत, "त्याले सुधराले वेळ लागन." हे उत्तर दारूसाठी होतं की सुखदेवसाठी, ते कळायचं नाही.

सुखदेवची बायको कौसल्या. तिचं पहिलं बाळंतपण. पोरगी सकाळी झाली, सुखरूप झाली, पण वार पडेना आणि रक्त थांबेना. मला बोलावणं आलं तेव्हा गोधडी भिजली होती. मी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि सुखदेवला म्हणाले, "सौंसरला न्यावं लागेल. आत्ताच्या आत्ता."

त्या आठवड्यात टँकरवाल्यांचा संप होता. सौंसरचा पंप कोरडा पडला होता, बस बंद होत्या. सगळ्या मोहगावात चालण्यासारखी एकच गाडी होती, आणि तीही चालत होती ती टाकीत अर्धं पेट्रोल आणि अर्धी मोहाची होती म्हणून. एवढी दारू गुरुजींनी तिला आधी कधी पाजली नव्हती. दारू सुखदेवनं दोन दिवस आधी आणून दिलेली.

गुरुजी बागेतून तसेच आले. हौद्यात गवत टाकलं, वर गोधड्या टाकल्या. कौसल्येला आडवं केलं. मी तिच्याजवळ बसले, सलाईनची बाटली सुखदेवनं हात वर करून धरली. त्याची म्हातारी आई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पोरगी शेजारणीकडे ठेवली. गाडी पहिल्याच हँडलला चालू झाली. म्हातारी म्हणाली, "मास्तर, देव आहा तुमी."

अर्ध्या वाटेत गाडी दोनदा खोकलली आणि बंद पडली.

दोन्हीकडे कपाशीची शेतं, वेचणी झालेली. शेतात माणूस दिसेना. गुरुजींनी हँडल मारलं, पुन्हा मारलं. मग मागे गाडीखाली शिरून टाकीखालचा नट सैल केला आणि जे पडलं ते ओंजळीत घेतलं. वास घेतला, बोटांवर चोळलं. हात ओलाच राहिला. पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं.

"पानी," ते म्हणाले.

त्यांनी सुखदेवकडे पाहिलं नाही. बोनेट उघडून पंप खोलला. पेट्रोल ओढणारा त्याच्यातला रबरी पडदा फुगून वाकडा झाला होता. म्हणजे टाकीतलं पाणी काढूनही भागणार नव्हतं. पेट्रोल इंजिनपर्यंत पोचणार कसं?

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी कौसल्येची नाडी धरून होते. नाडी बारीक लागत होती, दोऱ्यासारखी.

सुखदेव एका हातानं बाटली धरून तसाच उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, पानी मी टाकलं. माप कमी पडून राहिलं होतं."

मला वाटलं, गुरुजी आता त्याला मारतील. म्हातारीनं तर हात उगारलाच.

"मले मालूम आहे," गुरुजी म्हणाले. "बाटली मायच्या हाती दे. खाली ये. बोनेट काढाले हात लाव. आन् खिशात बिडी-माचिस असन त फेक तिकडे."

दोघांनी मिळून बोनेट सोडवलं आणि मागे हौद्यात टाकलं. मग गुरुजी माझ्यापाशी आले. "बाई, दुसरी बाटली आहे?"

माझ्या पिशवीत सलाईनची आणखी एक बाटली होती, भरलेली, आणि एक नळी. पहिली अर्ध्यावर आली होती. सौंसर येईपर्यंत दुसरी लागणारच होती.

"आहे. पण ती हिला लागेल."

"मले द्या. वरतून पेट्रोल सोडतो, थेंब थेंब. पंप लागत नाही मंग."

"गुरुजी, ही बाटली संपली तर हिला द्यायला माझ्याकडे काही राहणार नाही."

"गाडी नाही चालली, त बाटली असून काय करता?"

"चालेल कशावरून?"

एरवी ते आनंदानं म्हणाले असते तेच आता घाबरून म्हणाले, "ते मले माहीत नाही."

मी म्हातारीकडे पाहिलं, सुखदेवकडे पाहिलं. कोणाला विचारणार? कौसल्येचे ओठ पांढरे पडले होते. मी बाटलीचं झाकण उचकटलं आणि चांगलं सलाईन रस्त्याच्या धुळीत ओतून दिलं. मी बरोबर करत होते की वेड्याच्या नादी लागले होते, याचा मला अजिबात अंदाज नव्हता.

गुरुजींनी टाकीतलं खालचं सगळं पाणी जाऊ दिलं. हातावरचं झर्रकन उडायला लागलं तसं वरचं पेट्रोल डब्यात धरलं. बाटली त्याच पेट्रोलनं विसळली, भरली, नळी लावली, माझ्याकडच्या पट्टीनं ती समोरच्या काचेच्या चौकटीला उलटी बांधली आणि नळीचं टोक कार्बोरेटरमध्ये सोडलं. नळीवरची चकती फिरवून धार कमीजास्त केली. मी पेशंटला करते तशीच.

"मार हँडल," ते सुखदेवला म्हणाले.

सुखदेवनं असं हँडल मारलं की मला वाटलं त्याचा खांदा निखळतो. गाडी चालू झाली.

तो बाकीचा रस्ता मला अजूनही विचित्र आठवतो. पुढे एक बाटली गाडीत उतरत होती आणि मागे एक बाटली कौसल्येत उतरत होती. पुढची संपली की गुरुजी थांबत, डब्यातून भरत, पुन्हा निघत. मागची भरायला काही नव्हतं. मी एकदा तिच्याकडे पाहायची, एकदा त्या दोन बाटल्यांकडे. म्हातारी मधेच म्हणायची, "मास्तरमुळं जीव वाचून राहिला," आणि गाडी थांबली की म्हणायची, "मास्तरच्या गाडीनं मारलं माह्या सुनेले." दोन्ही वेळा ती रडत होती.

मागची बाटली सौंसरची घरं दिसायला लागली तेव्हा संपली. दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा कौसल्या बोलत नव्हती, पण नाडी होती.

डॉक्टरांनी तिला आत नेलं. वार काढली. सुखदेवचं रक्त जुळलं, त्याचंच दिलं. त्याच्या रक्तात काल रात्रीचं काय काय असेल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण डॉक्टरांनी तपासून घेतलं. दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वाचली." आणि मग अंगणातल्या गाडीकडे बघत म्हणाले, "ती बाटली तिथे काय करून राहिली?"

म्हातारीनं गुरुजींचे पाय धरले. मग उभी राहून त्यांना म्हणाली, "पेट्रोल असतं त हे झालंच नसतं." गुरुजी म्हणाले, "पेट्रोल नव्हतं ना, माय." म्हातारी म्हणाली, "तेही खरंच." आणि खाली बसली. ही गोष्ट मी आजवर कितीतरी जणांना सांगितली. अर्धे म्हणतात, त्या माणसानं बाईला वाचवलं. अर्धे म्हणतात, त्यानंच मारलं होतं, नशीब म्हणून वाचली. मला विचारलं तर मी ऐकणाऱ्याचं तोंड पाहते आणि काहीतरी बोलते.

परत येताना सुखदेव आणि म्हातारी दवाखान्यातच थांबले. गाडीत आम्ही दोघंच. बोनेट मागे खडखडत होतं. गुरुजी हळू चालवत होते.

मी विचारलं, "गुरुजी, तो पाणी टाकतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग तुम्ही तपासलं का नाही? बाटलीत थर नाही पाहिले?"

"या डाव नाही पाहिले."

"का?"

त्यांनी गिअर बदलला. मला वाटलं, आता प्रश्न विचारून मीच उत्तराची वाट बघत बसणार. मग म्हणाले, "त्याले पोरगं होनार होतं. मले वाटलं, या डाव त नसन टाकलं."

जो माणूस पेट्रोलचा थेंब तळहातावर चोळून पाही, चुना खरा की खोटा हे जिभेला लावून ठरवी, त्यानं ज्या एका गोष्टीबद्दल सगळं गाव ओरडून सांगत होतं तीच तपासली नव्हती. त्याला वेडेपणा म्हणायचं की आणखी काही, मी पुष्कळ विचार केला. एक बाई मरता मरता राहिली, हेही मी विसरू शकत नाही.

कौसल्या घरी आली. सुखदेवनं दारू सोडली असं काही महिने ऐकत होते, मग पुन्हा धरली असंही ऐकलं. गुरुजींनी पंपाला चामड्याचा पडदा बसवला. पुढे पेट्रोल मिळायला लागलं तरी ते मिसळत होते, फक्त कमी.

माझी बदली पांढुर्ण्याला झाली तेव्हा गुरुजीच मला सोडायला आले. ट्रंक, गादी, स्टोव्ह, सगळं हौद्यात. काकूंनी संत्र्यांची टोपली दिली आणि पदरानं डोळे पुसले. फाटकात सुखदेव उभा होता, कडेवर पोरगी. त्याच्या दुसऱ्या हातात दारूचा डबा होता. त्यानं तो गुरुजींना दिला. गुरुजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा घेऊन टाकीकडे गेले.

मी पुढच्या सीटवर बसले होते. ते आधी थर पाहतात का, हे मागे वळून पाहावं की नाही, ते मला ठरवता येईना. मागून ओतल्याचा आवाज आला. मग गुरुजी येऊन बसले, दोन्ही हात पँटला पुसले आणि म्हणाले, "चला."

रस्ताभर मी गाडीचा आवाज ऐकत होते.